केसपेपरवर कामाचं नाव लिहून घ्या

भिवंडी शहरातल्या आणि तालुक्यातल्या कामगारांनो, ठेकेदारांनो, घरमालकांनो आणि डॉक्टरांनो,

आपल्या गावात धूळ म्हटली की आठवतात लूमच्या कारखान्यातली कापसाची तुसं. त्या धुळीचा त्रास सुरुवातीला सुट्टीत कमी होतो, कामावर परतलं की छाती पुन्हा आवळते. निदान कळतं तरी की हे दुखणं कामाचं. हे आवाहन दुसऱ्या धुळीबद्दल आहे, जी वर्षानुवर्षं काहीच कळू देत नाही.

मानकोली, पूर्णा, काल्हेर, दापोडा या पट्ट्यात गोदामांमागून गोदामं उभी राहिली. ट्रिमिक्सची जमीन घासताना, भिंतीत वायरिंगसाठी झिरी पाडताना, टाइल्स आणि ग्रॅनाइट कापताना जो धुरळा उडतो, त्यात सिलिका असते. बोट मात्र खडी क्रशरकडे दाखवलं जातं. क्रशरची धूळ वाईटच, पण आपल्याकडच्या काळ्या दगडात मोकळी सिलिका ग्रॅनाइटपेक्षा बरीच कमी. उलट हल्ली ओट्याला जो चकचकीत कृत्रिम क्वार्ट्झ बसवतात, त्यात ती ९० टक्क्यांच्याही वर जाते. तो कापणाऱ्या तरुणांची फुप्फुसं इतकी बिघडली, की ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४पासून त्यावर बंदी घातली. आपल्याकडे पोरं तोंडाला रुमाल बांधून तो कापतात.

घातक कण डोळ्यांना दिसत नाही. तो श्वासाबरोबर थेट वायुकोशांत पोचतो. तिथल्या संरक्षक पेशींचं काम जंतू गिळून पचवण्याचं. सिलिकाचा कण त्या गिळतात, पण पचवू शकत नाहीत. पेशी मरते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते, तीही मरते. दर वेळी दाह वाढतो आणि फुप्फुसात वण धरत जातात. हाच सिलिकोसिस. कण आतच राहत असल्याने काम सोडलं तरी हे थांबेलच असं नाही. क्षयाच्या जंतूला अडवणाऱ्या पेशीही याच, म्हणून सिलिकोसिस झालेल्याला क्षय फार सहज गाठतो. दुसरीकडे हीच संरक्षणव्यवस्था बिथरून आपल्याच शरीरावर उलटू शकते. मग संधिवात, ल्युपस, मूत्रपिंडाचे काही विकार, कातडी घट्ट होत जाणारा स्क्लेरोडर्मा. हा शेवटचा आजार पाथरवटांमध्ये आढळत असल्याचं एडिंबरोच्या बायरम ब्रॅमवेल यांनी १९१४मध्येच नोंदवलं होतं. तेव्हा सांधे धरले तर त्याला नुसतं ‘वय झालं’ म्हणू नका.

खोकला, घटलेलं वजन आणि एक्स-रेवर डाग दिसला की पहिला संशय टीबीचाच येतो. टीबी असेल तर औषधांचा कोर्स पुरा कराच. पण थुंकीत जंतू सापडत नसतील, किंवा कोर्स संपूनही दम लागत असेल, तर पुन्हा तपासा. इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयात जा किंवा गल्लीतल्या दवाखान्यात, नाव-वयापाठोपाठ सांगा की मी काय कापतो, काय घासतो, किती वर्षं. ते केसपेपरवर लिहून घ्या. जुनं कामही सांगा. आज रिक्षा चालवत असाल आणि दहा वर्षांपूर्वी खाणीवर होता, तर खाणीचं नाव आधी निघालं पाहिजे. डॉक्टरसाहेब, पेशंट विसरला तर तुम्ही विचारा. सिलिकोसिस हा कायद्याने सरकारला कळवायचा आणि भरपाईला पात्र असा रोग आहे. कागदावर कामच नसेल, तर दावा कशावर करणार?

ठेकेदार म्हणतात, कापताना पाणी सोडलं की चिखल होतो, वेळ जातो. होतो आणि जातो. तरीही कटरवर पाण्याची धार हवीच. कोरडा झाडू मारू नका, अंगावरची धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, कामाचे कपडे घरात नेऊ नका. गमछा हे कण अडवत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क लागतो, आणि तोही पाण्याच्या जोडीला, पाण्याऐवजी नव्हे. घराचं काम काढणाऱ्यांनी दर ठरवतानाच ओल्या कटिंगची अट घालावी. चार पैसे जास्त मागितले तर द्यावेत.

कामाची नोंद केसपेपरपुरती ठेवू नका. वर्षात ९० दिवस बांधकामावर राबलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगाराला महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. दगड फोडणारे, टाइल्स कापणारेही त्यात येतात. नाक्यावर उभं राहणाऱ्यांचं घोडं अडतं ते ९० दिवसांच्या दाखल्यावर. ज्याने राबवून घेतलं त्याने तो द्यावा. तो टाळत असेल, तर ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत मागा, आणि जाताना एकटे जाऊ नका, नाक्यावरचे चौघे-पाचजण मिळून जा.

आपला,
एक भिवंडीकर