वायुटर्बाइनची झीज कोणाच्या खात्यावर?

उरणच्या वायुविद्युत केंद्राची स्थापित क्षमता ६७२ मेगावॉट. मात्र तेवढी वीज निर्माण करण्याइतका वायू तेथे कित्येक वर्षे मिळालेला नाही. कमी चालणारे यंत्र कमी झिजते, तेव्हा त्याच्या तपासणीवरील खर्चही पुढे ढकलता येईल, हा तर्क हिशेबनिसाला सोयीचा वाटतो. वायुटर्बाइनच्या बाबतीत तो फसवा आहे.

या यंत्रात हजार अंश सेल्सिअसहून अधिक तापलेला वायू ज्वलनकक्षातून थेट पात्यांवर येतो. यंत्र सुरू होताना पाती झपाट्याने तापतात, बंद होताना निवतात आणि या प्रसरण-आकुंचनातून धातूला तडे जातात. म्हणूनच यंत्र किती तास चालले याबरोबर ते किती वेळा सुरू झाले, याचीही वेगळी मोजदाद ठेवावी लागते. नैसर्गिक वायूवर अखंड चालणाऱ्या अनेक मोठ्या यंत्रांचे ढोबळ कोष्टक असे: ८,००० तासांनी ज्वलनकक्षाची, २४,००० तासांनी तप्त वायुमार्गाची आणि ४८,००० तासांनी संपूर्ण यंत्र उघडून तपासणी. सुरू-बंदीची मर्यादा आधी गाठली गेली, तर तास भरण्याची वाट पाहावयाची नसते. पूर्ण भारावरील यंत्र एकाएकी बंद पडल्यास ती एक घटना नेहमीच्या आठ सुरू-बंदींइतकी धरावी, असा एका प्रमुख निर्मात्याचा दंडक आहे.

येथून पुढचा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे. दुपारी सौर वीज मुबलक असते. सूर्यास्तानंतर ती ओसरते, मागणी मात्र चढते. ही उणीव भरून काढण्यास चटकन सुरू होणारे वायुटर्बाइन उपयोगी पडते. पण वीज विकत घेणारा प्रामुख्याने इंधनावर ठरणाऱ्या प्रतियुनिट दराची तुलना करतो आणि प्रत्येक वेळी खर्ची पडणारे पात्यांचे आयुष्य त्या तुलनेत उतरत नाही. लाभ साऱ्या वीजजाळ्याला, झीज एकट्या केंद्राला, असा हा विषम व्यवहार आहे. मग तपासणी ‘एवढा उन्हाळा जाऊ द्या’ म्हणून लांबविण्याचा मोह होतो, आणि उन्हाळा तर दरवर्षीच येतो! एखादे पाते तुटले, तर त्याचे तुकडे मागील रांगाही उद्ध्वस्त करतात; तेव्हा वाचविलेल्या रकमेच्या अनेक पट खर्च ग्राहकाच्या देयकात येऊन बसतो.

वीज नियामक आयोगांनी सुरू-बंदीचा खर्च दरात स्वतंत्रपणे मान्य करावा. त्याबरोबरच प्रत्येक केंद्राने भरलेले तास, झालेल्या सुरू-बंदी आणि लांबविलेल्या तपासण्या यांचा तक्ता दरवाढीच्या अर्जाला जोडणे सक्तीचे करावे.