लेकराचा ताबा आणि हुकुमाचा मसुदा

उन्हाळी सुटी तोंडावर आली की आपल्या वाशीम जिल्ह्यातील न्यायालयांत एका विशिष्ट प्रकारच्या अर्जांची गर्दी होऊ लागते. विभक्त राहणाऱ्या आईबापांपैकी ज्याच्याजवळ लेकरू नाही तो, निदान सुटीपुरते तरी ते आपल्याकडे यावे, म्हणून अर्ज देतो. गैरअर्जदाराचे म्हणणे येईपर्यंत दोन तारखा जातात. मे महिन्यात दिवाणी न्यायालयांनाही सुटी लागते, आणि ज्या दिवसांसाठी अर्ज केला ते दिवस निर्णयाआधीच सरून जातात. या विलंबाचे खापर न्यायालयाच्या माथी फोडणे सोपे आहे. परंतु मूळ हुकुमात सुटीचा उल्लेखच नसावा, हा दोष त्या हुकुमाचा कच्चा मसुदा ज्यांनी न्यायालयापुढे ठेवला त्या आम्हा वकिलांचा आहे, आणि त्याविषयीच आज लिहावयाचे आहे.

कायद्याची चौकट अपुरी आहे असे म्हणता येणार नाही. पालक व पाल्य अधिनियम १८९० मध्ये झाला, तेव्हा वाशीम, इंग्रजी दप्तरातले ‘बासीम’, हा वऱ्हाडातील एक स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडला आणि १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा होऊन पुन्हा उभा राहिला. या सर्व स्थित्यंतरांतून त्या अधिनियमाची कलमे १७ व २५ मात्र अद्याप आपल्या नित्य उपयोगात आहेत. पित्याचे वा मातेचे नव्हे, केवळ अज्ञान मुलाचेच कल्याण पाहावयाचे, हा दंडक मुंबई उच्च न्यायालयाने स्वातंत्र्यापूर्वीच घालून दिला. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम १३ मध्ये तोच विधिरूपाने आला. आणि कलम ६ मधील ‘पित्यानंतर माता’ या शब्दांनी मातेला जे दुय्यम स्थान मिळाले होते ते, लेखिका गीता हरिहरन यांच्या याचिकेवर १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘नंतर’ म्हणजे ‘अनुपस्थितीत’ असा अर्थ लावून, पुष्कळ अंशी दूर केले. २०२० मध्ये त्याच न्यायालयाने दोन्ही पालकांचा सहवास हा मुलाचाच हक्क मानला.

असे असूनही आपण ज्या शब्दाने हा सारा व्यवहार चालवतो तो शब्द ‘ताबा’ हा आहे. शेताचाही ताबा आणि लेकराचाही ताबा. शेताच्या बाबतीत बेलिफाने हद्द दाखवली, पंचनामा झाला, ताबापावतीवर सही झाली की दरखास्त निकाली निघते. लेकरू मात्र दुसऱ्या दिवशी शाळेत जाते, तापाने फणफणते, तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल हवा म्हणून हट्ट धरते, आणि त्या प्रत्येक प्रसंगी आपला हुकूम काय सांगतो हे कोणालाच ठाऊक नसते. ‘अर्जदारास योग्य वेळी मुलास भेटण्याची मुभा राहील’ हे वाक्य प्रस्तुत लेखकानेही आपल्या उमेदवारीच्या काळात कित्येक तडजोडीच्या पुरसिसांत लिहिले आहे, आणि त्यांपैकी एका वाक्यापायी एक बाप रात्रभर एस.टी.ने प्रवास करून येऊनही मुलीला न पाहता परत गेला, कारण भेट कोठे व्हावयाची हे त्या पुरसिसात नव्हते. ती चूक सर्वस्वी माझी होती. तिची शिक्षा एका सात वर्षांच्या मुलीला झाली, आणि त्या चुकीचा सल आजही गेलेला नाही.

न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने मे २०१५ मधील आपल्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याचा पुरस्कार केला आणि पालकत्वाच्या आराखड्याची, म्हणजे मुलाचे राहणे, शिक्षण, औषधोपचार, सुट्या व खर्च यांच्या लेखी व्यवस्थेची, कल्पना सविस्तर मांडली. त्या शिफारशींचा कायदा झाला नाही. तथापि पक्षकारांच्या संमतीने असा आराखडा हुकुमाचा भाग करून घेण्यास आजही कोणताच प्रत्यवाय नाही. अडचण निराळीच आहे. आराखड्याचे जे नमुने आपल्या हाती येतात ते आईबाप एकाच शहरात राहतात असे धरून रचलेले असतात: शनिवारी सायंकाळी न्यावे, रविवारी सायंकाळी पोहोचवावे. आपल्या जिल्ह्यात आई रिसोड तालुक्यातील माहेरी, तर बाप चाकणच्या कारखान्यात, मध्ये सुमारे चारशे किलोमीटरांचे अंतर. तेथे दर शनिवारचा हुकूम हा पहिल्याच महिन्यात मोडण्यासाठी दिलेला हुकूम होय. विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर उघडतात, म्हणून ‘सुटीचा निम्मा काळ’ असे लिहिताना सुटी कोणत्या शाळेची, हे लिहावेच लागते. सोयाबीनच्या काढणीचे दिवस, दिवाळी, मानोरा तालुक्यातील पोहरादेवीची रामनवमीची यात्रा, हे दिवस कोणाकडे, हे नावानिशी ठरवावे. भेट आजोळी, शाळेत की बसस्थानकावर, हे ठरवावे. महिलांना २०२३ पासून एस.टी.त अर्धे तिकीट लागते, तेव्हा प्रवासाचा भार कोणी उचलावा याचा हिशेबही त्याच कागदावर व्हावा. आठवड्यातील एका ठरल्या वेळी मोबाइलवर समोरासमोर बोलणे, हे प्रत्यक्ष भेटीच्या बदल्यात नव्हे, तिच्या जोडीला असावे.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न याहून बिकट आहे. १८९० च्या अधिनियमाचे कलम ९ अज्ञान मूल जेथे ‘सामान्यतः राहते’ तेथील न्यायालयास अधिकार देते. परंतु अर्धे वर्ष फडावर आणि अर्धे तांड्यावर काढणारे मूल सामान्यतः कोठे राहते, याचा पुरावा शाळेच्या दाखल्याने, शिधापत्रिकेने आणि अंगणवाडीच्या नोंदीने आरंभीच उभा केला नाही, तर पहिले वर्ष अधिकारक्षेत्राच्या वादातच जाते. फारकतीच्या लेखात मूल एका पक्षाला ‘लिहून दिले’ असा मजकूर घेऊन येणारे अशील आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असतील. मुद्रांकावरील असा मजकूर न्यायालयावर बंधनकारक नाही, हे त्यांना पहिल्याच भेटीत सांगावे. तांड्यांवरचा बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतो, अनुसूचित जमातींत नव्हे. म्हणून त्याला हिंदू विवाह अधिनियम लागू आहे, आणि त्यातील कलम २६ चा मार्ग खुला आहे, याचाही पुष्कळदा विसर पडतो.

एक सावधगिरी मात्र कधीही सोडू नये. जेथे मारहाण आहे, धाक आहे, तेथे समझोत्याच्या उत्साहात आराखडा लादणे हा अपराध होईल. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या अधिनियमातील कलम २१ तात्पुरता ताबा देते आणि भेट मुलास अपायकारक असेल तर ती नाकारण्यासही सांगते. अशा प्रकरणी त्या कलमाचा अर्ज प्रथम, बाकी सर्व नंतर.

आराखडा लिहिण्यास वेळ लागतो आणि त्याचे शुल्क आपले अशील देऊ शकत नाहीत, हा आक्षेप खरा आहे. परंतु विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया व बालके यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधिसाहाय्य मिळते, आणि जिल्हा प्राधिकरणाच्या व तालुका समित्यांच्या यादीवर आपल्यापैकीच अनेक जण आहेत. त्या यादीवरील वकिलाने दिलेला मसुदा खासगी वकीलपत्रावरील मसुद्याहून तोकडा असता कामा नये.

वाचक वकील बंधुभगिनींना विनंती अशी की, वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा व मानोरा या सहाही तालुक्यांत आपण तयार केलेल्या आणि प्रत्यक्षात टिकलेल्या भेटीच्या व्यवस्थेचा एकेक मसुदा, पक्षकारांची नावे, गावे व दाव्याचा क्रमांक गाळून, आमच्याकडे पाठवावा. जे हुकूम मोडले, ते का मोडले हेही लिहावे. शाळा उघडण्यापूर्वीच्या अंकात हे सर्व एकत्र छापण्याचा आमचा निश्चय आहे.