पाटी लावली की जबाबदारी संपली?

हॉटेल असो वा मॉल, 'वाहने स्वतःच्या जबाबदारीवर लावावीत' ही पाटी ठरलेलीच. गाडीला काही झालं की मॅनेजर पाटीकडे बोट दाखवतो आणि आपण मुकाट्याने घरी येतो!

पण पाटी म्हणजे कायदा नव्हे. १ ऑगस्ट १९९८ च्या रात्री दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात एका ग्राहकाने मारुती झेनची किल्ली पार्किंगसाठी हॉटेलच्या माणसाकडे दिली. परत येतो तर गाडी भलत्यानेच पळवलेली. टोकनवर 'स्वतःच्या जबाबदारीवर' असं छापलेलं होतं. तरीही १४ नोव्हेंबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने हॉटेललाच जबाबदार धरलं. किल्ली घेतली म्हणजे गाडी ताब्यात घेतली. मग १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १५१ प्रमाणे, शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तेवढी काळजी घ्यायलाच हवी. ती घेतली होती हे आधी हॉटेलने दाखवायचं. हाच नियम चोरीइतकाच मोडतोडीलाही लागू पडतो.

किल्ली आपल्याच खिशात असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे दुकानदाराची चूक आपण दाखवायची, आणि ते मला रास्तच वाटतं. प्रत्येक ओरखड्याचे पैसे त्याने का भरावेत?

तेव्हा किल्ली दिलीत तर टोकन जपा, पाटीला घाबरू नका. आणि हो, गॅदरिंगला पाहुण्यांच्या किल्ल्या गोळा करणाऱ्या पार्किंग कमिटीनेही हे जरूर वाचावं!