गुरुजींची पदरमोड

शिक्षक दिन जवळ आला की महापालिकेच्या गुणवंत शिक्षकांची चर्चा सुरू होते. मुंबईत महापौर पुरस्कार मानाचा समजला जातो. गोरेगावातल्या एखाद्या पालिका शाळेतल्या बाईंचे किंवा गुरुजींचे नाव यादीत आले, की नाक्यावर फलक लागतो, निवडणुकीला इच्छुक असलेली मंडळी शाल घेऊन पोहोचतात, फोटो निघतात. निघावेत. सत्काराबद्दल आमची तक्रार नाही. पण ज्या उपक्रमाचे कौतुक चालले आहे त्याचे सामान कुणाच्या पैशाने आणले, हे शाल पांघरलेल्या शिक्षकाला कुणी विचारत नाही. बहुतेकदा ते पदरमोड करून आणलेले असते. पुठ्ठा, रंग, झेरॉक्स, मोबाइलचा डेटा आणि कधीकधी प्रोजेक्टरची वायरसुद्धा.

यंदाच्या दिवाळी अंकाचा मुख्य विभाग सरकारी आणि पालिका शाळांतल्या वर्गप्रयोगांना दिला आहे, तो या न विचारलेल्या प्रश्नामुळे.

आपल्याकडे शिक्षणातला पैसा काम झाल्यावर येतो. ही सवय जुनी आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदानाची वाट मोकळी केली. पुढे मुंबई इलाख्यात निरीक्षक शाळेत येई, मुलांची परीक्षा घेई आणि किती पोरे पास झाली त्यावर शाळेच्या पदरात काय पडणार ते ठरे. अशा व्यवस्थेत नवे काही करून पाहणे कुणाला परवडणार? फसले की अनुदान गेले. ती पद्धत गेली, वृत्ती मात्र टिकली. राज्याची शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद शिक्षकांसाठी नवोपक्रम स्पर्धा घेते. स्पर्धा चांगलीच आहे. तिच्यामुळे कितीतरी शिक्षकांचे काम निदान कागदावर आले. पण तिथेही उपक्रम आधी पार पाडायचा, मग अहवाल लिहायचा, छायाचित्रे जोडायची आणि निकालाची वाट पाहायची. दिवाळी अंक छापून, विकून झाल्यावर कागदाचे पैसे देतो असे कुणी आम्हाला म्हणाले असते, तर हा अंक तुमच्या हाती आला नसता.

या रीतीला एक अपवाद होऊन गेला. सर्व शिक्षा अभियानात प्रत्येक शिक्षकाला शैक्षणिक साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये देण्याची तरतूद होती. रक्कम हसण्यासारखी, पण तिच्यामागचा विचार हसण्यासारखा नव्हता. वर्गात काय लागते ते वर्गात उभा राहणाराच ठरवील, असे सरकारने त्यात मान्य केले होते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी पैसे हाती पडेपर्यंत शैक्षणिक वर्ष सरत आलेले असे. पावत्या जोडा, नोंदवहीत नोंद करा, उपयोगिता प्रमाणपत्र द्या, ३१ मार्च गाठा. मग एकाच दुकानातून सगळ्यांसाठी तेच तक्ते यायचे. फळांची नावे आणि शरीराचे अवयव भिंतीवर चढले, शिक्षकाच्या डोक्यातले साहित्य डोक्यातच राहिले. दोष शिक्षकाला लावला गेला. तो आम्हाला मान्य नाही. पैसे उशिरा द्यायचे आणि वर यादीही आपणच द्यायची, यात शिक्षकाने ठरवायला उरले काय?

२०१८ मध्ये समग्र शिक्षा आली आणि शाळेला पटसंख्येनुसार एकत्रित अनुदान देण्याची पद्धत आली. पट शंभराच्या पुढे गेला की ५० हजार, अडीचशेच्या पुढे ७५ हजार, हजारावर एक लाख. वीजबिल त्यातच, किरकोळ दुरुस्ती त्यातच, स्वच्छताही त्यातच. नळ गळत असताना कोणता मुख्याध्यापक भिंगे विकत घेईल? दुसऱ्या टोकाला नीती आयोगाची अटल टिंकरिंग लॅब. २०१६ पासूनच्या या योजनेत निवडलेल्या शाळेला २० लाखांपर्यंत मिळतात, थ्रीडी प्रिंटर येतो, रोबोटिक्सचे संच येतात, तेही सहावीपासूनच्या मुलांसाठी. वर्गातले खरे प्रयोग या दोन टोकांच्या मधे असतात. त्यांना दोन हजार लागतात, पाच हजार लागतात, फार झाले तर दहा. नेमके तेवढेच कुणी देत नाही.

रणजितसिंह डिसले यांचे नाव आता सर्वांना ठाऊक आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या या शिक्षकाने पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. पुढे ती कल्पना राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली. २०२० साली त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली. त्या औदार्याला सलाम. पण तो पुरस्कार झालेल्या कामाचा होता. काम सुरू करतानाची वर्षे कुठल्याही पुरस्काराने भरून निघत नाहीत, आणि तेवढी वर्षे तग न धरू शकलेले डिसले किती, याचा हिशेब कुठल्याच दप्तरात नसतो.

साताऱ्याच्या कुमठे बीटची, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटाची, गोष्ट आणखी बोलकी. तिथे शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि जिल्हा परिषद शिक्षकांनी खडे, काड्या, मणी आणि फरशीवरची आखणी यांवर गणित-वाचन उभे केले. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. २०१५ च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमाला त्यातून बळ मिळाले. पुढचे आपल्या परंपरेप्रमाणे झाले. प्रयोगाचा आदेश झाला, आणि काही शाळांत फरशी ऑइलपेंटने रंगवून तपासणीपुरती तयार झाली. प्रयोग उचलता येतो. तो करणाऱ्याची मोकळीक परिपत्रकाबरोबर पाठवता येत नाही.

आपल्या गोरेगावातही प्रयोगाला विषय कमी नाहीत. ओशिवरा नदी आरेच्या बाजूला उगम पावते आणि मालाडच्या खाडीला मिळते. आपल्यातले बरेच जण तिला नाला समजतात. सातवीच्या मुलांनी वर्षभर तिचे चार ठिकाणचे पाणी तपासायचे म्हटले, तर बाटल्या, लिटमस, थर्मामीटर आणि भिंगे एवढेच लागेल. आरेतल्या पाड्यांवरून येणाऱ्या मुलांच्या आज्यांना किती रानभाज्या माहीत आहेत! त्यांची चित्रे काढून पुस्तिका छापायला तीन-चार हजार पुरतील. मोतीलाल नगरचा पुनर्विकास होणार, तर तिथल्या मुलांनी आपली गल्ली टेपने मोजून कागदावर उतरवून ठेवावी. भूमितीही होईल आणि आठवणही राहील. महापालिका आठ भाषांतून शिकवते. एकाच इमारतीत मराठी, हिंदी, उर्दू वर्ग भरतात आणि मधल्या सुट्टीत पोरे एकमेकांची भाषा उचलतात. त्याचा वर्गात उपयोग करायचे कुणाच्या मनात आले, तर खर्च फक्त कार्डशीटचा.

अमेरिकेत न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या चार्ल्स बेस्ट या शिक्षकाने २००० साली डोनर्सचूज ही संस्था सुरू केली. सरकारी शाळेतला शिक्षक आपला प्रकल्प मांडतो, अनोळखी लोक थोडे थोडे पैसे घालतात आणि संस्था रोकड न देता सामान विकत घेऊन शाळेत पोहोचवते. रीत सुटसुटीत आहे. तरी आम्ही ती जशीच्या तशी आणा म्हणणार नाही, कारण तिथे शिक्षकांना कागद-पेन्सिलीसाठीही दात्यांपुढे उभे राहावे लागते. खडू, बाक, पाणी, स्वच्छतागृह हे सरकारचे आणि पालिकेचे काम. ते वर्गणीवर ढकलले की नवोपक्रम हा शब्द भीक मागण्याचे सभ्य नाव होईल.

कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के वाटा समाजकार्यावर खर्च करायला लावला आहे आणि आपल्या द्रुतगती महामार्गालगत काचेच्या इमारती काही कमी नाहीत. तिथल्या कंपन्यांना शाळांच्या भिंती रंगवायला आवडतात, कारण भिंतीवर नाव लिहिता येते. लिटमसच्या कागदावर बोधचिन्ह मावत नाही.

म्हणून दोन गोष्टी. पहिली आमची. या अंकाच्या जाहिरातींच्या उत्पन्नातला दहावा हिस्सा आम्ही गोरेगावातल्या पालिका शाळांच्या शिक्षकांसाठी बाजूला ठेवत आहोत. एका पानाचा अर्ज, मुख्याध्यापकांची सही, पाच हजारांपर्यंतचे सामान, तेही प्रयोगाच्या आधी. प्रयोग फसला तर तसे दोन ओळींत कळवावे. तेही आम्ही छापू.

दुसरी तुमची. पालिकेच्या शिक्षण विभागाचा अर्थसंकल्प वेगळा मांडला जातो, साधारण फेब्रुवारीच्या सुरुवातीला. त्यात शिक्षकांच्या वर्गप्रयोगांसाठी वेगळे लेखाशीर्ष असावे, जूनमध्ये अर्ज आणि जुलैअखेर पैसे, अशी मागणी आपल्या नगरसेवकाकडे आणि पी दक्षिण विभाग कार्यालयात लेखी द्या. पाण्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या मृणाल गोरे यांच्या गावाला मागण्या कशा मान्य करून घ्यायच्या हे सांगायला नको. पत्र जानेवारी संपण्याआधी पोहोचू द्या.