अल्पमात्रा आणि अर्धवट औषध

एकीच्या बळाचा धडा आपण बाळबोध इयत्तेपासून गिरवीत आलो. तो धडा सूक्ष्म जंतूंनाही अवगत आहे, हे मात्र फारच थोड्यांस ठाऊक असते.

सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात विकाराने जर्जर झालेल्या फुप्फुसांत स्यूडोमोनास एरुजिनोसा नावाचा जंतू वर्षानुवर्षे ठाण मांडून बसतो. प्रत्येक जंतू संकेतद्रव्य बाहेर सोडीत असतो. जंतूंची संख्या वाढली की ते द्रव्य साचते, आणि रणशिंग फुंकावे तसे सारे एकदम विषद्रव्ये निर्माण करू लागतात व चिकट आवरणाखाली सुरक्षित होतात. गणपूर्तीवाचून सभेचे कामकाज चालत नाही, तसाच हा प्रकार. म्हणूनच शास्त्रज्ञांनी यास ‘कोरम सेन्सिंग’ असे नाव दिले.

अझिथ्रोमायसिन या औषधाच्या नेहमीच्या मात्रेने हा जंतू सहसा मरत नाही. तथापि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे आढळले, की या औषधाच्या अल्प प्रमाणानेही त्याच्या संकेतद्रव्याची निर्मिती मंदावते. शत्रू जिवंत राहतो, परंतु त्याची दूतव्यवस्था कोलमडते. २००३ साली अमेरिकेतील १८५ रुग्णांवरील चाचणीचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ज्यांस आठवड्यातून ३ वेळा याप्रमाणे १६८ दिवस हे औषध दिले, त्यांची श्वसनशक्ती सुधारली. औषधाने फुप्फुसाचा दाहही शमतो. तेव्हा सारे श्रेय एकाच कारणास देणे उचित नव्हे.

यावरून कोणी ‘थोडे औषध पुरे’ असा निष्कर्ष काढील, तर तो अनर्थ होय असे आमचे स्पष्ट मत आहे. वैद्याने थुंकी तपासून, क्षयजंतूंच्या जातकुळीचे अन्य जंतू नाहीत याची खात्री करून, नियमाने दिलेली अल्पमात्रा निराळी. आणि ताप उतरताच अर्ध्यावर टाकलेल्या गोळ्या निराळ्या. टोब्रामायसिन या दुसऱ्या औषधाची अल्पमात्रा तर याच जंतूस आवरण रचण्यास प्रवृत्त करते, असे २००५ साली दिसून आले. अपुऱ्या मात्रेने जंतू औषधास दाद देईनासे होतात, हा इशारा पेनिसिलिनचे जनक फ्लेमिंग यांनी १९४५ सालच्या नोबेल व्याख्यानातच दिला होता.

विद्यार्थिमित्रहो, चिठ्ठीवाचून दुकानातून दोन गोळ्या आणण्याची सवय आपल्या घरी असेल, तर ती मोडण्याचे काम आपलेच आहे. शास्त्राचे अर्धवट ज्ञान अर्धवट औषधाइतकेच घातक असते.