विश्लेषण : मेल सेव्ह केला, पण त्यातली अटॅचमेंट पुरावा ठरेल का?

नोकरीचं ऑफर लेटर, भाडेकरार, बिल्डरने पाठवलेली पावती... हल्ली सगळं मेलवरच येतं. वाद झाला की आपण त्या मेलचा स्क्रीनशॉट काढतो, फार तर प्रिंट देऊन पीडीएफ करतो. घोळ इथेच होतो. प्रिंटमध्ये अटॅचमेंटचं नाव उरतं, अटॅचमेंट नाही!

मग मेल सेव्ह कसा करायचा?

संगणकावर जीमेल उघडा. मेलच्या तीन ठिपक्यांच्या मेनूत ‘डाउनलोड मेसेज’ आहे. त्यातून ‘ईएमएल’ फाइल मिळते आणि अटॅचमेंट तिच्याच पोटात असते. ही फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर खाली अक्षर-आकड्यांची लांबच लांब गिचमीड दिसते. फाइल बिघडलेली नाही. मेल मुळात साध्या मजकुरासाठी बनला, त्यामुळे फोटो किंवा पीडीएफ ‘बेस६४’ पद्धतीने अक्षरांत बदलून पाठवतात. दर ३ बाइटची ४ अक्षरं होतात, म्हणून मेल मूळ फाइलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने फुगतो. थंडरबर्डसारख्या मोफत प्रोग्राममध्ये ईएमएल उघडली की अटॅचमेंट वेगळी सेव्ह करता येते.

वेगळी काढली की काम झालं?

वाचायला, हो. कोर्टासाठी नाही. बाहेर काढलेल्या पीडीएफवर ती कुणी, कधी पाठवली याची खूण नसते. ती खूण मेलच्या हेडरमध्ये असते. शिवाय बहुतेक मोठ्या मेल सेवा ‘डीकेआयएम’ ही डिजिटल सही जोडतात आणि ती सहसा अटॅचमेंटसकट मजकुरावर असते. एक अक्षर बदललं तरी सही जुळत नाही. म्हणून मूळ ईएमएलला हात लावू नका, जे काही करायचं ते कॉपीवर.

कायदा काय म्हणतो?

इथे जालन्याचं प्रकरण महत्त्वाचं. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचा अर्ज मुदतीनंतर आला का, हा वाद निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणावर येऊन ठेपला. १४ जुलै २०२० रोजी सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं, की इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत दिली तर प्रमाणपत्र अनिवार्य. सगळे प्रयत्न करूनही ते मिळालंच नाही तर सवलत आहे. त्या खटल्यात ती मिळाली.

१ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. त्याच्या प्रमाणपत्रात फाइलची ‘हॅश’, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, लिहावा लागतो. एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. ईएमएलची हॅश वेगळी, तिच्यातून काढलेल्या पीडीएफची वेगळी. वकिलाकडे फक्त पीडीएफ फॉरवर्ड करणाऱ्यांचं नेमकं इथेच अडतं. आणि नोकरी सोडताना कंपनीचा मेल बंद झाला, की मूळ मेल डाउनलोड करायची संधीही जाते.