मुलीच्या ताटात काय वाढतो?

वयात येणाऱ्या मुलीला "जाडी झालीस, भाकरी कमी खा" असे आपण सहज बोलून जातो. पण या वयात वजन वाढणे हा वाढीचाच भाग आहे. २०१६-१८ च्या समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातील १० ते १९ वयाची २४ टक्के मुले-मुली कृश आढळली, तर ५ टक्के जास्त वजनाची. कष्टकरी घरांत दोन्ही दिसते. आईबाप कामावर असले की वेफर्सच्या पाकिटावर भूक भागते, पोषण होत नाही. त्यात टोमणे ऐकून मुली उपाशी राहतात, नाहीतर चोरून खातात. बंधुभगिनींनो, आम्ही एवढेच म्हणू: मुलीला शेवटी जेवायला बसवू नका. डाळ, अंडी मुलाइतकीच वाढा. शंका असल्यास आरोग्य केंद्रात उंची-वजन तपासून घ्या.